माघ पुनवेची चाय

...हां, तर काल गोष्ट सांगता सांगता मी कुलपापाशी थांबलो होतो. सालेकशातल्या गोदामाला कुलूप, कुलपाखाली इंग्रजी कागद, आणि कागदासमोर कमरेवर हात ठेवून रुख्माबाई सलामे.

"वाचा ना बाबाजी," मला म्हणाली.

मी गावच्या शाळेतला सातवी पास. कंपनीचं नाव तेवढं लागलं. बाकीचं गोंदियाला योगेश्वरी रहांगडाले वकीलबाईंनी वाचून दाखवलं. कंपनी बुडाली होती, आणि गोदामातलं सगळं सामान कंपनीचं, असं त्यात लिहिलं होतं.

आता सगळं कसं कंपनीचं? चाराच्या बिया फोडून चारोळी काढायचं मशीन रुख्माबाईच्या बचत गटाचं होतं. थ्री-फेज लाइन गोदामातच, म्हणून तिथं बसवलेलं. वैशाखात जंगलात चार पिकणार होता. मशीन निघालं नाही, तर बारा बायांनी पुन्हा दगड हातात घ्यायचा.

ही रुख्माबाई तुम्ही पाहिली पाहिजे. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, चार, मोह. आणि आठ वर्षं त्याच गोदामाच्या ऑफिसात चाय करणं, झाडणं. तिघं मालक तिला नावानं ठाऊक नव्हते. एक बिनसाखरवाला, एक अद्रकवाला, आणि तिसरा अर्धा कप टाकून जाणारा. त्या तिसऱ्यावर तिचा फार राग.

वकीलबाई म्हणाल्या, "रुख्माबाई, कंपनीची नोंद दूर समुद्रातल्या एका बेटावर आहे. तिथल्या कोर्टानं माणूस नेमला, त्यानं कुलूप लावलं. मशीन मागायचं तर तिथं मागा, म्हणतात."

"बेटावर? गोंदियावरून गाडी हाय काय तिथं?"

"गाडी कुठली, दोन विमानं बदलावी लागतात."

"मंग मशीन तिथंच धाडतीन काय ते? बाया इथं, चार इथं."

वकीलबाई हसल्या, पण मुद्दा तोच होता म्हणे. नोंद कुठंही असो. कंपनीचा कारभार खरोखर कुठून चालायचा, हे दाखवता आलं, तर मुंबईचं कोर्ट हे प्रकरण आपल्याकडे घेऊ शकतं. तसा अर्ज केला, तर समोरच्यांनी, म्हणजे कुलूप लावणाऱ्याच्या वकिलानं, कोर्टात कंपनीच्या सभांची वही दिली. सगळ्या सभा बेटावर. वकीलबाई एकेक तारीख मराठीत वाचत गेल्या आणि मी डुलक्या घेत होतो, खोटं कशाला बोलू.

"चोवीस फेब्रुवारी दोन हजार चोवीस, सकाळी अकरा, तिन्ही संचालक बेटावर हजर."

"थांबा बाई," रुख्माबाई म्हणाली. "थंडी सरत आलती ना तवा? तिथी कोनती होती?"

वकीलबाईंनी मोबाइलवर पंचांग काढलं. माघ पौर्णिमा, म्हणजे कचारगडच्या डोंगरावरची, गोंडांच्या देवस्थानाची जत्रा.

रुख्माबाईनं पदरानं तोंड पुसलं. "त्या दिवशी त तिघंबी इथंच होते. चाय मीनंच देली."

सुनावणी वकीलबाईंच्या ऑफिसातून, कॉम्प्युटरच्या पडद्यावर झाली. मी रुख्माबाईच्या बाजूला, कारण ती म्हणाली, "बाबाजी, तुमी बसा, पन बोलू नका." आयुष्यात इतका वेळ मी गप्प बसलो नव्हतो. समोरच्या वकिलानं तिला चांगलं घोळात घेतलं. किती शिकल्या, घड्याळ कळतं का, गटाचं मशीन अडकलंय म्हणून तर बोलत नाही ना.

"मशीन अडकलं म्हनूनच आली मी," ती म्हणाली. "नाईतर कोन येते इथं?"

वीस दिवसांनी निकाल आला. प्रकरण इथंच चालणार. गेटच्या रजिस्टरात त्या दिवशी तिन्ही गाड्यांची नोंद सापडली होती, तीही कामी आली. मग इथल्या कोर्टानं नेमलेल्या माणसानं गटाची पावती तपासली, कुलूप काढलं, आणि चैत्र संपायच्या आत मशीन समाजमंदिरात आलं. बारा बायांनी ते बैलबंडीवरून असं आणलं, जशी नवरी आणावी.

निकालाच्या कागदात रुख्माबाईची साक्ष दोन ओळींत उरकली आहे: साक्षीदाराला धार्मिक कारणामुळे तारीख स्मरते. वकीलबाईंनी वाचून दाखवलं, तर मला पटलं नाही. मी तिच्या बाजूलाच होतो. वकिलानं विचारलं होतं, "अम्माजी, दो साल पुराना दिन आपको याद कैसे है?" आणि ती म्हणाली होती:

"तारीख मले नाई मालूम साहेब, मले पुनव मालूम. पोरगी पोटात होती तवाबी मी कचारगड चढली, नवरा गेला त्या सालीबी चढली. एकच पुनव चुकली. मॅनेजर म्हने, मालक येऊन राहिले, आज सुट्टी नाई. मंग दिवसभर चाय उकळत मीनं त्या तिघायले मनात शिव्या देल्या. ज्यायले दिवसभर शिव्या देल्या, ते त्या दिवशी कुठी बसले होते, हे मी भुलीन काय?"