होळीला बांधलेला दोर

ऐंशीच्या दशकात पावस गावाच्या पलीकडच्या आमच्या किनाऱ्यावर मुंबईची मंडळी पोहायला येऊ लागली, आणि बुडूही लागली. दर वेळी त्यांना काढायला जीव धोक्यात घालायचा तो आमच्याच माणसांनी. शेवटी ग्रामपंचायतीने येणाऱ्यांकडून फी घ्यायला सुरुवात केली. "समुद्र काय तुमच्या मालकीचा?" असं कुरकुरत का होईना, लोक पावती घेत. त्या पैशांतून नायलॉनचा लांबलचक दोर आला. तो आमच्या पडवीत टांगलेला असे, कारण गावातला पट्टीचा पोहणारा म्हणजे माझा मोठा भाऊ. दादा कंबरेला दोर बांधून पाण्यात शिरायचा आणि दुसरं टोक आम्ही सगळे काठावर धरायचो.

शिमग्यात होळीचा ताडासारखा उंच सुरमाड उभा करायला गावकरी तोच दोर मागायला आले. दोर कापून झाडाला चारी बाजूंनी त्याचे ताण दिले. दादा पुटपुटला, तर बाबा म्हणाले, "देवाचा काम हाय. गप ऱ्हा." झाडाची ही होळी वर्षभर उभी ठेवायची आणि तिचा दोर सोडायचा नाही, ही आमच्याकडची रीत. उरलेला तुकडा पडवीत परत आला. नवा घेऊ, फी जमतेच आहे, असं सगळे म्हणाले. गावाचं घेऊ म्हणजे कधी, ते गावालाच ठाऊक.

मे महिन्यातल्या एका दुपारी मुंबईहून आलेल्या एका बाईचा नवरा आत ओढला गेला. होड्या सगळ्या मासेमारीला गेलेल्या. दादा दोर बांधून निघाला. आम्ही सोडत राहिलो, छातीभर पाण्यात उतरलो, आणि दोर संपला. दादा त्या माणसापासून चार-पाच हातांवर होता. वळून ओरडत होता, "सोडा! अजून सोडा!" सोडायला होतंच काय? मला रडू फुटलं.

मग तो कंबरेची गाठ सोडायला लागला. ओली गाठ सुटेना. बाबा ओरडले, "वडा रे, वडा! पोर जाईल माझा!"

ती बाई माझा दंड धरून म्हणत होती, "ताई, ओढू नका हो. ते पोचलेत जवळ." तिचं मला कळत होतं, आणि मी ओढत होते. माझा भाऊ होता त्या टोकाला. दादाला बाहेर काढला तेव्हा तो आम्हाला शिव्या घालत होता. मागे पाण्यावर कुणीच दिसत नव्हतं.

संध्याकाळी परतलेले होडीवाले शोधायला गेले. ती बाई आमच्या पडवीत बसून राहिली. चहा तसाच निवला. समोर देवळापुढे होळी उभी होती. बराच वेळ तिकडे बघून तिने विचारलं, "तो दोर कसला हो?"

बाबांनी तिच्यापुढचा निवलेला कप उचलला. दादा उठून आत गेला.

"देवाचा," मी म्हणाले.

तिने पदर सारखा केला आणि तिकडे बघून हात जोडले.