छबूबाईनं न मारलेली लाथ

छबूबाई जन्मली ती पायांकडून. सुईणीनं आधी देवाचं नाव घेतलं आणि मग म्हणाली, "पोरगी पायाळू हाय. गावाची सोय झाली." पाथर्डी तालुक्यातल्या त्या वस्तीवर आजही कुणाच्या पाठीत उसण भरली, कमरेत चमक आली की माणूस भिंत धरत धरत तिच्या अंगणात येतो. पायाळू माणसाची लाथ लागली की उसण पळते, हे तिथं कुणी कुणाला समजावून सांगत नाही.

रीत ठरलेली. शनिवारी नाहीतर बुधवारी, अंगणात ऊन यायच्या आत. येणाऱ्यानं बोलायचं नाही, पाठ करून उभं राहायचं. छबूबाई चौकट धरते आणि डाव्या पायानं दुखऱ्या जागी तीनदा लाथ मारते. बैल मारतो तशी नव्हे. पाऊल टेकवायचं आणि हलका झटका द्यायचा. मान धरली असेल तर माणसानं खाली बसायचं. पैसा नाही, नारळ नाही.

बोलायला बंदी असली तरी कण्हायला नाही, त्यामुळे डोळे मिटूनसुद्धा छबूबाईला कोण आलंय ते कळतं. शाळेतले गुरुजी हजेरी घेतल्यासारखे कण्हतात: आई गं, आई गं, आई गं. तीन लाथांना तीन, एकही गैरहजर नाही. किराणा दुकानवाली रतनबाई आधीच "मेले!" म्हणून घेते, लाथ मागाहून पोचते.

दसरा झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या. भीमाची टोळी सोमवारी कोल्हारकडं जायची होती. शनिवारी सकाळी तो आला, मागं बायको रेश्मा. भीमा म्हणजे डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर पळत चढणारा गडी. आज त्याचं अंग एका बाजूला कललेलं होतं. आत येताना त्याच्या डाव्या पायातली चप्पल निसटली आणि कुंपणापाशीच राहिली. भीमा तसाच पुढं आला. त्याला पत्ताच नव्हता.

छबूबाईनं ती चप्पल पाहिली आणि चौकटीकडं नेलेला हात मागं घेतला.

बारा वर्षांपूर्वी रामहरी असाच आला होता, अशीच चप्पल मागं टाकून. तिनं रीतीप्रमाणं तीन लाथा मारल्या. रामहरीचा डावा चवडा आजही उचलत नाही, तो पाऊल ओढत चालतो. तो म्हणतो नशीब, गावही म्हणतं नशीब. पण तो रस्त्यानं दिसला की छबूबाई ओट्यावरून उठून घरात जाते.

"भीमा, टाचांवर चाल बरं दोन पावलं."

"आँ?"

"चवडे उचल वर."

उजवा चवडा उचलला. डावा भुईला चिकटून राहिला.

"कधीपासनं हाय ह्ये?"

"चार दिस झाले. मुंग्या येत्यात नुसत्या. मारा आत्या, जरा जोरातच मारा, मोकळं हुईल."

"न्हाई मारायची."

रेश्मा पुढं झाली. "न्हाई म्हंजी? त्या मास्तरला मारता, रतनबाईला मारता, आन आमच्याच टायमाला तुमचा पाय मुरगळला व्हय? परवा गाडी यायची हाय. एकल्या बाईला टोळीत कोन घेनार? कोयत्याला जोडी लागती, आत्या!"

"गाडी पुढल्या साली बी यील. पाय गेला तर यील का?"

"ऱ्हाऊ दे," भीमा म्हणाला. "पलीकडच्या गावात पायाळू हाय एक. त्याच्याकडं जातो."

छबूबाईला हीच भीती होती. हा इथून निघाला की तिथं पाठ करून उभा राहणार. ती म्हणाली, "बरं, मारते. पन आदी माझ्यासंगं केडगावला चल. तिथली डाक्टरीन 'मारा' म्हनली, तर तिच्या फरशीवर मारते. शब्द हाय माझा."

केडगावला हातानं मणके मोकळे करणारा एक दवाखाना होता. पाटीवर 'कायरोप्रॅक्टिक' लिहिलेलं, पण छबूबाईचा भाचा हर्षल त्याला 'कडकड दवाखाना' म्हणायचा. त्याची टेम्पो चालवून धरलेली मान तिथंच सुटली होती. त्यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, तेव्हा छबूबाई हसली होती, "ही हातानं करती. आमी पायानं फुकट करतो." आता त्याच दवाखान्याच्या बाकावर ती भीमा-रेश्माला घेऊन बसली. आतून आवाज आला, कडाक्! मग "ओ बाब्बो!" आणि लगेच "थँक्यू मॅडम."

"हितं बोलायची मुभा हाय वाटतं," छबूबाई म्हणाली. रेश्मा हसली नाही.

डॉक्टर राजेश्वरींनी भीमाला तपासलं. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय सरळ वर उचलला, अंगठा दाबून धरला आणि "वर ढकला" म्हणाल्या. अंगठा ढिम्म. लघवीला त्रास होतो का, तेही विचारलं.

"मॅडम, ते कडकड करा ना," भीमा म्हणाला. "सोमवारी जायचंय."

"नाही करणार. नस दाबली गेलीये. आत्ता झटका दिला तर हे पाऊल कायमचं लुळं पडू शकतं. मी चिठ्ठी देते, आजच एमआरआय काढा आणि सर्जनना दाखवा."

भीमानं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. "ही हातवाली न्हाई म्हनती, ती पायवाली न्हाई म्हनती."

छबूबाईनं शब्द दिला होता. "बाई, मंग मी मारू का?"

"काय मारू?"

"लाथ. तीनदा."

डॉक्टरांचं पेन थांबलं. छबूबाईनं पायाळूची सगळी रीत सांगितली. डॉक्टरांनी ती न हसता ऐकून घेतली. "आजी, अजिबात नाही."

"ऐकलं का रं, भीमा?"

सोमवारी ट्रक वस्तीवरून गेला तेव्हा भीमा नगरच्या दवाखान्यात होता. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. इकडं वस्तीवर बोलणं सुरू झालं: छबूबाईचा पाय आटला, आता ती डाक्टरकडंच धाडती. दोन शनिवार अंगणात कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या शनिवारी "मेले!" ऐकू आलं. छबूबाईनं आधी रतनबाईला टाचांवर चालवलं, मगच पाय उचलला.

रेश्मा रोजानं कांदे लावायला जाऊ लागली. वाटेत छबूबाई दिसली तर मान वळवायची. भीमा कमरेला पट्टा बांधून फिरायचा. डावा चवडा आता निम्मा उचलत होता.

दीड महिन्यानं एका दुपारी रेश्मा दारात येऊन उभी राहिली.

"उसन भरली का?" छबूबाईनं विचारलं.

"न्हाई. त्यो हंडा उचलायला निगालाय. डाक्टरांनी सांगितलं वजन न्हाई, मी सांगितलं वजन न्हाई. माझं ऐकंना. तुमी चला."

छबूबाई पदर खोचून निघाली. भीमा नळापाशी वाकलेलाच होता.

"ठिव खाली!"

"आत्या, निम्माच भरलाय."

"पाय बी निम्माच भरलाय. ठिव म्हनते ना."

भीमानं हंडा ठेवला. रेश्मानं तो कमरेवर घेतला आणि घराकडं वळताना म्हणाली, "बसा आत्या. च्या ठिवते."