परबकाकांचे बावन्न अंक

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी सदानंद परब हे नाव घेतो. आईवडिलांच्याही आधी घेतो, आणि आईला त्याचा राग येत नाही. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी. पण बहरीनमध्ये त्या पदवीवर मिळालेली नोकरी टिकली ती परबकाकांमुळे.

ते आमच्या कंपनीत पॅकिंगचे फोरमन होते. देश सोडून जाणाऱ्या कुटुंबांचे सामान बांधायचे आणि जहाजावर चढवायचे, हा आमचा धंदा. घर रिकामे होताना बाईसाहेब काही वस्तू कामगारांना देऊन टाकतात. सगळ्यांचे डोळे मिक्सरवर, पंख्यावर, फार तर टीव्हीवर. परबकाका मात्र हात पँटला पुसून पुढे होत आणि एकच इंग्रजी वाक्य बोलत, "एनी कॉमिक्स, मॅडम?" बाईंना आधी हसू येई. मग त्या पोरांच्या खोलीतून एक गठ्ठा आणून देत. काका तो दोन्ही हातांनी घेत, प्रसाद घ्यावा तसा.

काका मालवणजवळच्या एका वाडीतले, शिक्षण सातवी. विशीत इथे आले तेव्हा ब्रिटिश घरांत कपबशा गुंडाळायला तिथल्या मुलांची चित्रसाप्ताहिके फाडून वापरत. एकदा फाडता फाडता त्यांनी एक पान वाचायचा प्रयत्न केला. चित्रे होती, शब्द थोडे होते. "चित्र बघलंय आणि शब्द कळलो," ते सांगत. "माझी शाळा थयसून सुरू झाली." त्या दिवसापासून त्यांनी एकही अंक फाडू दिला नाही. त्यांच्या टोळीत कपबशांना कोरा कागदच लागे.

मी इन्व्हेंटरी क्लार्क म्हणून लागलो. घरातल्या वस्तूंची इंग्रजीत यादी करायची आणि खोक्यांवर स्टिकर लावायचे. हिरवा म्हणजे जहाजावर, लाल म्हणजे कचऱ्यात. माझे शिक्षण तालुक्याच्या गावी झालेले. इंग्रजी लिहिता यायचे, पण समोर गोरा माणूस उभा राहिला की जीभ टाळूला चिकटायची. मी प्रत्येक प्रश्नाला "येस सर" म्हणून सुटका करून घेत असे. काका म्हणत, "झिला, कित्याक भियतस? तो काय तुका खाता?" मी हसायचो, पण भीती जात नसे. प्रोबेशनचे सहा महिने पुरे व्हायचे होते. त्याआधी चूक झाली तर व्हिसा रद्द, आणि वडील ज्या शाळेत शिपाई होते त्याच शाळेसमोरून मान खाली घालून घरी जायचे.

चौथ्या महिन्यात ती चूक झाली. अमवाज बेटावर एका निवृत्त ब्रिटिश इंजिनियर साहेबांच्या घरचे सामान बांधत होतो. सत्तरीचे, एकटे गृहस्थ. मागच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांची खोकी होती. त्यांतल्याच एकात पिवळी पडलेली मुलांची साप्ताहिके होती. मी वरवर पाहिले. साहेबांना विचारायचे म्हणजे इंग्रजीत विचारायचे. मी न विचारता लाल स्टिकर लावला. दुपारी कचऱ्याची गाडी येऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा ऑफिसला फोन आला. ते दहा वर्षांचे असतानाचे, एका वर्षाचे बावन्न अंक त्या खोक्यात होते. मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावले आणि हिंदीत सांगितले, "कंटेनर गुरुवारी बंद होतोय. तोपर्यंत बॉक्स मिळाला नाही तर खलास. तिकीट मी काढतो."

गोदामात मी रिकाम्या खोक्यांमागे जाऊन बसलो. काकांनी मला तिथून शोधून काढले. सगळे ऐकून घेतले. रागावले नाहीत. फक्त विचारले, "खयचा साप्ताहिक? खयचा वर्स?" मी नाव आणि वर्ष सांगितले. "ऊठ. माझ्या खोलीत चल."

बाब अल बहरीन या बाजाराच्या वेशीमागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावर त्यांची खोली होती. खाटेखाली पत्र्याच्या चार ट्रंका. त्यांनी साबणाने हात धुतले, मला धुवायला लावले. "कागदाक घामाचो हात लावू नको." मग ट्रंक उघडली आणि शोधता शोधता बोलत राहिले. आज वाटते, ते मला सावरण्यासाठीच बोलत होते.

त्यांनी सांगितले की साहेबांच्या देशात एकेकाळी अशी डझनावारी साप्ताहिके निघत. नव्या साप्ताहिकाच्या पहिल्या अंकाबरोबर पुठ्ठ्याची शिटी नाहीतर कागदी मुखवटा फुकट मिळे. चित्रे काढणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी सही करू देत नसत. एखाद्याने गवतात किंवा कुत्र्याच्या पट्ट्यावर लपवून केलीच, तर छापण्याआधी ती पांढऱ्या रंगाने पुसली जाई. काका भिंग घेऊन अशा सुटून गेलेल्या सह्या शोधत, आणि सापडली की लहान मुलासारखे हसत. खप कमी झाला की मालक ते साप्ताहिक दुसऱ्यात मिसळून टाकी. वाचकांना आधी कळवत नसत. एके दिवशी मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत आनंदाची बातमी जाहीर होई. "तशी बातमी दिसली काय समजाचा, पुस्तक मेला," काका म्हणाले. "फुडल्या आठवड्याक दोनय नावा एकत्र. मगे आपला नाव बारीक, आणखी बारीक, आणि एक दिवस नायच."

साहेबांचे साप्ताहिक त्याच वर्षाच्या शेवटच्या, बावन्नाव्या अंकाला असे मेले होते.

काकांकडे ते बावन्नही अंक होते. वेगवेगळ्या घरांतून, तीस-पस्तीस वर्षांत गोळा झालेले. त्यांनी ते खाटेवर ओळीने मांडले. माझा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात त्यांनी एका अंकाच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तिथे पेन्सिलीने एक आडनाव होते. शेजारच्या अंकावर घराचा नंबर. पेपरवाला कोणता अंक कोणाच्या घरी टाकायचा ते असे लिहून ठेवी, आणि प्रत्येक अंकावर वेगळे नाव होते.

"साहेबाक एका नजरेत कळतला," काका म्हणाले. "म्हणान आधीच सांगाचा. तुमचे माझ्या चुकीन गेले. हे परबाचे, व्हये तर घेवा."

"आणि त्यांनी तक्रार केली तर?"

"केल्यान तर केल्यान." मग अंक एकत्र करत म्हणाले, "ह्ये बघ, तो साहेब नाय शोधता. तो धा वर्साचो पोर शोधता. पोराक फसवूचा नाय."

इतक्या वर्षांचा संग्रह मोडून ते मला देत होते, आणि माझ्या मनात फक्त तक्रारीचा विचार होता.

बुधवारी काकांचे काम हमद टाउनला होते. अंकांचे खोके घेऊन मी एकटाच निघालो. अमवाजच्या अलीकडे बसमधून उतरलो आणि स्टॉपवरच थांबलो. काय बोलायचे ते मी इंग्रजीत पाठ केले होते, पण पहिलेच वाक्य "माय मिस्टेक" आणि ते तोंडातून निघत नव्हते. कोपऱ्यावर एक कोल्ड स्टोअर, म्हणजे तिथले किरकोळ वाण्याचे दुकान, होते. तिथून मी एक खोडरबर विकत घेतला.

बसस्टॉपच्या बाकावर बसून मी एकेक कोपरा पुसला. दुपारचा उकाडा, बोटांना घाम. कोणीतरी बघतेय असे सारखे वाटत होते. दोन अंकांचे कोपरे जीर्ण होते, ते रबराबरोबर फाटून आले. त्यातला एक तो आनंदाच्या बातमीचा होता. ते दोन्ही मी खांद्यावरच्या पिशवीत दडवले.

साहेबांनी दार उघडले. मी म्हणालो, "फाउंड, सर." त्यांनी खोके जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि वरचा अंक उचलला. अंगठा सरळ कोपऱ्यावर गेला. कागद तिथे खरबरीत झाला होता. त्यांनी अंगठा तसाच फिरवला, एकदा, दोनदा. मग माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता विचारतील.

त्यांनी एवढेच विचारले, "सगळे आहेत ना?"

"दोन कचऱ्याच्या गाडीत फाटले, सर."

त्यांनी हातातला अंक परत खोक्यात ठेवला. मग त्यांनी माझ्या यादीवर सही केली, पाण्याची बाटली हातात दिली आणि दार लावले.

संध्याकाळी काकांनी विचारले, "सांगलंस?"

"सांगितलं."

"साहेब काय म्हणालो?"

"काही नाही म्हणाले. घेतले."

काकांनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. "बघ! माणूस हा तो. आणि तूय माणूस आसस." त्यानंतर टोळीत नवा मुलगा आला की ते माझ्याकडे बोट दाखवत, "ह्याका विचारा, खरा बोलान काय व्हता ता." मी मान खाली घालून यादी लिहीत राही.

माझी नोकरी टिकली. पुढे मी सुपरवायझर झालो, लहान बहिणीचे शिक्षण झाले. काकांचा व्हिसा वयामुळे पुढे वाढला नाही. ते गावी गेले. जाताना एक ट्रंक मला देऊ पाहत होते. मी जागा नाही असे सांगितले.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. नातीला रत्नागिरीत पहिली नोकरी लागली होती आणि चौथ्याच दिवशी तिच्या हातून कसलीतरी चूक झाली होती. काका म्हणाले, "तिका तुझीच गोष्ट सांगलंय. जा, सरळ साहेबाक सांग, काय होवचा नाय." मी फोनवर "हो, हो" म्हणालो. नंतर तीन दिवस मला जेवण गेले नाही. चौथ्या दिवशी हे पत्र लिहिले आणि पाठवले.

"ती. परबकाकांना सा. न.

काका, मी अमवाजच्या साहेबांना खरे सांगितले नव्हते. तुमच्या अंकांवरची पेन्सिलीची नावे मी रबराने पुसली आणि तुमचे अंक त्यांचेच म्हणून दिले. त्यांना कळले असावे. का बोलले नाहीत ते मला माहीत नाही. तुम्ही मला ज्यासाठी चांगले म्हणत आलात, ते मी केलेलेच नाही.

नातीला सांगा की ती गोष्ट खोटी आहे. तिने खरे सांगितले असेल तर तिचे काय झाले असेल, या विचाराने मला भीती वाटते. माझ्या भरवशावर ती गेली आणि मी तर गेलोच नव्हतो.

फाटलेले दोन अंक सोबत पाठवत आहे. ते तुमचे आहेत. साहेबांचा पत्ता जुन्या फायलीत सापडला. त्यांनाही काल सगळे लिहिले आहे, ते अजून असतील तर.

तुम्ही रागावलात तर ते योग्यच आहे. फक्त फोन करू नका, पत्र लिहा. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी घाबरून पुन्हा काहीतरी खोटे बोलेन."