गुडघ्याने घातलेला खो

"एसीएल पूर्ण तुटलंय. दुसऱ्यांदा," एमआरआयच्या चित्रावर पेन टेकवून डॉक्टर म्हणाले. "चालाल, धावालही. पण फुटी आता नको."

एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा दोर. फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. त्यात लांबट चेंडू लाथेने मारतात, नाहीतर एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने सोबतिणीकडे ठोसतात. पुण्यात मी खो-खो खेळले होते. सिंगापूरला आल्यावर ऑफिसातल्या ऑस्ट्रेलियन मैत्रिणीने मला बायकांच्या संघात ओढलं आणि आठ वर्षं माझे शनिवार मैदानावर गेले. ते संपले म्हणताच मी दवाखान्यातच रडले.

"अगं, ऑस्ट्रेलियाकडून खेळणार होतीस की काय?" नवरा म्हणाला. दोन दिवस मी त्याच्याशी अबोला धरला.

ऑपरेशनमध्ये ग्राफ्ट घातलं, म्हणजे माझ्याच मांडीमागची दोरी काढून तुटलेल्या जागी बसवली. तुमच्यावर ही वेळ आली तर कुबड्या सोडायची घाई करू नका. मी केली, गुडघा भोपळ्यासारखा सुजला आणि फिजिओच्या शिव्या खाल्ल्या.

दोन महिन्यांनी आमचे कोच मायदेशी परतले. "तू नुसती येऊन बस," संघातल्या पोरी म्हणाल्या. क्लेमेंटीतल्या घरून टॅक्सीने गेले आणि मैदानाच्या कडेला खुर्चीवर तोंड पाडून बसले.

सरावात जी ती चेंडू कवटाळून पळत होती, आणि पकडली जात होती. मेलिंग, आमची सर्वांत लहान खेळाडू, तिघींच्या घोळक्यात शिरली. मागून सोबतीण धावत येत होती. मला पटकन उठता येईना. तोंडातून निघालं, "खो!"

मेलिंगने दचकून चेंडू मागे ठोसला. सोबतीण सुसाट सुटली. गोल!

"व्हॉट इज खो, कोच?" धापा टाकत मेलिंगने विचारलं. कोच म्हणून मला तिनेच पहिल्यांदा हाक मारली. आज मी खरंच त्यांची कोच आहे आणि अगदी मजेत आहे.

मी सांगितलं, पळणारीने बसलेलीच्या पाठीला हात लावून खो द्यायचा. मग ती उठून पळते.

"अँड द फर्स्ट वन?"

"ती त्या जागी बसते."

"सिट डाउन मीन्स आउट, आह?"

"छे! बसलेलीही खेळातच असते."

बोलून गेले आणि डोळे भरून आले. हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. म्हणून तुम्हाला सांगतेय.