ताईचं राहिलेलं दळण

भाऊजींचा फोन वाजला तेव्हाच मला कळलं होतं. तरी पाच-सहा रिंग नुसता उभा राहिलो... उचललाच नाही तर ताई गेलेली नसेल, असं काहीतरी वेड्यासारखं मनात होतं.

माझी ही थोरली बहीण मोरव्याला आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहायची. दोन हजार पाच साली तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. तिच्या शरीरात दुसऱ्याच्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल्स, सोडायच्या ठरल्या आणि जुळल्या त्या माझ्या. त्याआधी केमो द्यावी लागते. पण नेहमीची जोरदार केमो तिच्या हृदयाला सोसली नसती, म्हणून डॉक्टरांनी सौम्य द्यायची ठरवली. खरं तर आम्हाला हायसं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. हॉस्पिटलमध्ये शेजारच्या खोलीत जोरदार केमो घेणाऱ्या बाईंचे केस गेले, तोंड आलं. ताईचे केस जागच्या जागी! रोज सकाळी ती एक बट ओढून बघायची आणि पांढरीफटक पडायची. औषध लागूच पडत नाहीये, म्हणायची. शेवटी मला डॉक्टरांकडे पिटाळलं, जोराचं द्या म्हणावं. मीही इतका घाबरलेलो की गेलो.

डॉक्टर म्हणाले, "हे औषध मुख्यतः जागा करून देतं. कॅन्सर संपवायचं पुढचं काम तुमच्या पेशींनी करायचंय."

ताईला सांगितलं, तर कितीतरी दिवसांनी ती हसली. "ह्याच्या पेशी? अरे देवा. हा मेला सांगितलेलं दळण आणत नाही."

खोटं नव्हतं. चक्की कोपऱ्यावरच, पण मी आपला 'उद्या आणतो' म्हणायचो.

पुढची तीन वर्षं मी धास्तीतच काढली. तिला ताप आला की वाटायचं, माझ्या पेशी कमी पडल्या. अंगावर पुरळ उठलं की वाटायचं, त्या तिच्यावरच उलटल्या. रिपोर्ट चांगला आला तरी धीर आठवडाभर टिकायचा. ती मात्र जिन्यात भेटली की विचारायची, पेशी कामावर आहेत ना रे? मी हो म्हणायचो आणि घाईघाईने वर निघून जायचो.

यंदा आजार परतला. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या भेटीत तिने माझा हात धरला.

"तीन वर्षं राबलास की रे... आता तेवढं दळण आण. इथे यायच्या आधी टाकलंय."

मी म्हटलं, उद्या आणतो. दुसऱ्या दिवशी भाऊजींचा तो फोन आला.

परवा चक्कीवाल्याने हटकलं, दीदी का डिब्बा कब ले जाओगे? महिना उलटलाय, पिठाला जाळी धरली असेल. मी म्हटलं, कल. तो डबा घरी आणला की ताईने सांगितलेलं एकही काम माझ्याकडे उरणार नाही, याची मला भीती वाटते.