सात फुलं ठेवून

फुमिए मासुई कान कोरायची काडी कानासाठी वापरत नाही. त्या काडीच्या टोकाला मऊ पिसांचा गोंडा असतो. त्यावर एका स्ट्रॉबेरीचे पराग घ्यायचे आणि दुसरीच्या फुलावर टेकवायचे. त्याआधी भुवयांच्या चिमट्याने त्या फुलाचे पुंकेसर काढलेले असतात. नंतर वर कागदी पिशवी, मधमाश्यांनी लुडबुड करू नये म्हणून. शिझुओकाच्या आमच्या किनाऱ्यावर स्ट्रॉबेरी सगळेच लावतात, समुद्राकडे तोंड केलेल्या उतरत्या दगडी भिंतींच्या फटींत. नवी जात काढण्याच्या नादी मात्र फुमिए एकटीच लागली.

चहाच्या मळ्यांच्या गावातून ती चोविसाव्या वर्षी लग्न होऊन इथे आली. आता बासष्टची आहे. वर्षाला दीड हजार रोपं बियांपासून करायची, फळ चाखायचं आणि पाच-सहा ठेवून बाकीची उपटून टाकायची, हा तिचा क्रम. "एवढ्या मुली तर माझ्या सासूनेही नाकारल्या नव्हत्या," ती म्हणते.

अकरा वर्षांच्या उपटाउपटीतून सत्तेचाळीस नंबर उरला. गोड, टणक, नाताळच्या केकसाठी वेळेवर येणारा. वाईट खोड एकच. पहिला घोस भरभरून यायचा आणि मग महिना-दीड महिना झाड हाताची घडी घालून बसायचं. याच कारणासाठी गावच्या उत्पादक संघाने ते दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा नापास झालेली जात संघ पुन्हा तपासत नाही. म्हणजे गेल्या हिवाळ्यातली साठ रोपांची रांग ही शेवटची संधी होती.

नोव्हेंबरात फुमिए दोन दिवस बहिणीकडे गेली. परतली तर रांगेखाली पांढऱ्या फुलांचा सडा. इथले शेतकरी फळ मोठं व्हावं म्हणून घोसातली शेवटची बारीक फुलं खुडतात, सात ठेवतात. तिचा नवरा तोकुजी चाळीस वर्षं खुडतो आहे. चाचणीच्या रांगेत मात्र फुमिए एकही फूल तोडू देत नसे. झाड एकूण किती देतं हे कळायला नको?

"अहो, ही रांग कोणी खुडली?"

"मी. का?"

"पाटी लावली होती ना. वाचता येत नाही?"

"हात चालू होते. पाटी कोण वाचतं?"

"माझी अकरा वर्षं खुडलीत तुम्ही."

"मला वाटलं, तुझं काम हलकं होईल."

तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी अर्ज मागे घेण्याचं पत्र लिहायला बसली. तेवढ्यात शेजारच्या तोमोए-सान मुळा घेऊन आल्या.

"रांग मेली का?"

"नाही. पण आकडे गेले. आता संघाला काय दाखवू?"

"फळं दाखव. आकडे कोण खातं?"

पत्र टपालात पडलं नाही.

बारा डिसेंबरला, पहिला घोस अजून पिकत असतानाच, फुमिएला पानांमधून नव्या कळ्या दिसल्या. तिने मोजल्या. साठपैकी बावन्न रोपांवर दुसरा घोस आला होता. ती तिथेच दगडावर बसली. कोणताही शेतकरी झाडावर ठेवणार नाही एवढं फळांचं ओझं ती दरवर्षी चाचणीच्या झाडांवर ठेवत होती, आणि झाड थकलं की दोष झाडाला देत होती. याच दोषासाठी आजवर किती चांगली झाडं टाकली, असं मी विचारलं. वही न उघडता ती म्हणाली, "तेवीस."

जानेवारीच्या शेवटी संघाचे तिघे आले. प्रमुख ओबा-सान यांनी दुसऱ्या घोसातलं पहिलं लाल फळ तोडलं आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे देठाकडून खायला सुरुवात केली, गोड टोक शेवटी राहावं म्हणून.

"मध्ये खंड पडला नाही या वेळी. विरळणी कोणी केली?"

"यांनी. मला न विचारता."

"मग पुढच्या वर्षीही विचारू देऊ नका."

तोकुजी उगाच एक वाळकं पान तोडत राहिला.

संघाने तीन शेतांत लावायला रोपं मागितली आहेत. सोबत लागवडीच्या सूचनांचा कागद द्यावा लागतो. त्यात 'दर घोसाला सातच फुलं ठेवावीत' ही ओळ फुमिएने स्वतः लिहिली. सूचना कोणाची, हा रकाना कागदावर नाही. तोकुजीने मागची बाजूही पाहून घेतली.