पंचांनी वाखाणलेली पकड

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात नोकरी करत असताना माझ्या शेजारच्या क्यूबिकलमधला सहकारी दिवसा माझ्यासारखाच दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचा आणि संध्याकाळी अमेरिकन फुटबॉलवर एक पत्रक काढायचा. तेही सगळ्या खेळावर नाही, फक्त 'ऑफेन्सिव्ह लाइन'वर. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढ्यात जी पाच धिप्पाड माणसं उभी असतात ती ही. चेंडूशी त्यांचा सहसा संबंध नसतो. अंगावर येणाऱ्यांना थोपवायचं, आणि टीव्हीवर नाव ऐकू यायचं ते चूक झाली तरच. हे वर्णन मला आमच्या सपोर्ट टीमचं वाटलं, म्हणून मी जास्त विचारत गेलो.

एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी माझा सहकारी आपली क्रमवारी पोस्टाने वर्गणीदारांना पाठवायचा. आदल्या वर्षी त्याने पहिला ठरवलेला खेळाडू सीझन सुरू होण्याआधीच संघाबाहेर गेला होता आणि बरेच वर्गणीदारही गेले होते. "यंदा पहिलं नाव चुकलं तर पत्रक बंद," तो मला म्हणाला. घरच्या आजारपणाबद्दल बोलावं तशा आवाजात.

या धंद्यातली स्तुतीही ऐकण्यासारखी असते. 'मुलगा दुष्ट आहे' म्हणजे प्रथम वर्ग. 'शिट्टी वाजेपर्यंत सोडत नाही' म्हणजे विशेष प्रावीण्य. सहकाऱ्याने यंदा पहिल्या क्रमांकासाठी हेरलेला मुलगा दोन्हींत बसत होता. तो समोरच्याला नुसता अडवायचा नाही, उचलून आपटायचा.

एका शनिवारी त्याने मला त्या मुलाच्या सामन्यांच्या व्हिडिओ टेप बघायला घरी बोलावलं. तेव्हा माझे सासरे सांगलीहून आमच्याकडे आले होते. बायको म्हणाली, "बाबांना पण ने. नाहीतर ते परत पार्किंग लॉटमधला बर्फ काढायला जातील. अपार्टमेंटचे ऑफिसवाले मला विचारतात, तुमच्या वडिलांना नोकरीवर कोणी ठेवलं?"

सासरे बँकेतून निवृत्त झालेले, पण स्वतःची ओळख ते कबड्डीचे पंच अशीच करून द्यायचे. सहकाऱ्याने आधी ड्राफ्टमधल्या मुलांच्या चाचणीची टेप लावली. चड्डीवर उभी मुलं, त्यांच्या हातांची लांबी आणि पंजांची रुंदी मापणारे टोपीवाले गंभीर लोक. सासऱ्यांनी शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "दात नाही बघत?"

मी भाषांतर केलं नाही.

मग सामना लागला. मी नियम थोडक्यात सांगत होतो, पण ते ऐकतच नव्हते. समोरून धावत येणारा चढाई करतोय आणि उभा असलेला त्याला पकडतोय, एवढं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. अचानक ते सोफ्यावर पुढे सरकले.

"वा! जावईबापू, काय पकड आहे हो! परत लावायला सांगा."

सहकारी खूश झाला. त्याने टेप मागे घेतली.

"डावा हात बघा त्याचा," सासरे म्हणाले. "बगलेखालनं बनियन धरलंय. आता तो पठ्ठ्या जातोय कुठं? मग सावकाश पाडला. हा आमच्या जिल्ह्याच्या संघात कोपऱ्यात पाहिजे होता."

"काय म्हणतात?" सहकाऱ्याने विचारलं.

मी जसंच्या तसं सांगितलं. तो हसायचा थांबला. या खेळात ढकलणं चालतं, धरून ठेवणं चालत नाही. धरलं तर पंच पिवळा रुमाल टाकतात आणि शिक्षा म्हणून संघाला मागे सरकावं लागतं. त्याने टेप पुन्हा मागे घेतली. हात तिथेच होता. दुसरा सामना लावला. तिथेही हात बगलेखाली. कॉलेजच्या पंचांना तो दिसला नव्हता आणि सहकाऱ्यालाही नाही, कारण सगळे आपटलेल्या माणसाकडे बघत होते.

"बघा, प्रत्येक वेळी!" सासरे कौतुकाने म्हणाले. आपण त्या मुलाची बाजू मांडतोय अशी त्यांची समजूत होती, आणि ती मोडायची मला इच्छा झाली नाही.

"मोठ्या संघात पंच हे पहिल्याच महिन्यात पकडतील," सहकारी स्वतःशीच बोलला. मग माझ्याकडे वळला. "की नाही पकडणार?" हे मला कसं ठाऊक असणार?

आठवडा गेला. अखेर पत्रक निघालं. तो मुलगा पाचवा होता आणि कारण एका वाक्यात दिलं होतं: ज्याला आपण आक्रमकपणा म्हणतो, त्यातला बराचसा चोरून धरलेला शर्ट आहे.

ड्राफ्टच्या दिवशी मी त्याच्या घरी टीव्हीसमोर होतो. त्याने आता पहिल्या क्रमांकावर ठेवलेला दुसरा, शांत मुलगा बराच वेळ कोणी घेतला नाही. त्याच्या आधी हा दुष्ट मुलगा निवडला गेला, नव्या सुटात, टाळ्यांच्या गजरात. टायवाले तज्ज्ञ त्याच्या खुनशीपणाचं असं वर्णन करत होते, जणू विद्यापीठाने त्याला पदवी दिली आहे.

फोन वाजला. वर्गणीदार होता. पलीकडचं हसणं मलाही ऐकू आलं.

"हो, पाचवाच," सहकारी म्हणाला. "त्याचा डावा हात बघत जा."

त्याने फोन ठेवला आणि तो लगेच पुन्हा वाजला. या वेळी त्याने तेच वाक्य जरा मोठ्याने सांगितलं.